क्लचची वेगळी डबी

आमच्या धंद्यात पाय पेडलवर ठेवायचा नसतो, पेडलच्या वर ठेवायचा असतो. हे ऐकून लोक हसतात. हसा. मी गाडी शिकवतो. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना पेडलं आहेत. शिकणाऱ्याच्या पायाशी त्याची, माझ्या पायाशी माझी, आणि आतून दोन्ही एकमेकांना जोडलेली. शिकणारा क्लच विसरला की मी दाबायचा, ब्रेक विसरला की मी दाबायचा, आणि त्याला आठवण होऊन त्यानं पेडल खाली नेलं की तत्क्षणी आपला पाय उचलायचा. नाही उचलला तर त्याला वाटत राहतं आपण चालवतोय, आणि चालवत असतो मास्तर. असे मास्तर मी ढिगानं पाहिलेत. त्यांची पोरं परीक्षा पास होतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच फाटकाला धडकतात. माझी पोरं धडकत नाहीत, कारण पेडल खाली गेलं की माझा पाय वर. मला झोपेतून उठवा, पाय वर.

दर चार वाक्यांत एकदा मी 'हळू' म्हणतो, म्हणून पोरांनी माझं नाव हळूसर ठेवलंय. मला त्याचं काही वाटत नाही. बायको चिडली की तीही त्याच नावानं हाक मारते, त्याचं मात्र वाटतं.

आणि अशा माणसाच्या पोटी ही कार्टी जन्माला आली. माझी लेक लिफ्ट दुरुस्त करते. आठवडाभर लोकांना सावकाश वर नेणारी यंत्रं सांभाळायची आणि सुट्टी आली की सगळा सावकाशपणा खुंटीला टांगून आपली ती गाडी काढायची. गाडी म्हणजे जुनी, पिवळी, दोन माणसांची, इतकी बुटकी की तिच्यात बसताना आपण पडतोय असं वाटतं आणि उतरताना कुणीतरी ओढून काढावं लागतं. घरात तिला सगळे बशी म्हणतात. नाव बायकोनं ठेवलं. बायको एकदाच बशीत बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "मला पुन्हा बसवायचं असेल तर आधी क्रेन मागवा."

आमच्या इथल्या मोटार क्लबची वर्षातून एकदा घाटात शर्यत असते. एकेक गाडी सोडतात, खालून वर, वळणावळणानं, आणि कुणाला किती वेळ लागला ते मोजतात. लेकीला त्यात उतरायचं होतं. कॉलेजात असल्यापासून उतरायचं होतं. आधी गाडी नव्हती, मग गाडी आली तर इंजिन नव्हतं, मग इंजिन आलं तर सुट्टी नव्हती. या वर्षी सगळं जुळून आलं होतं आणि एकच अडचण उरली होती. ती म्हणजे मी.

माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. महिन्याभरापूर्वी तिनं मला बशीतून घाटात नेलं. तिसऱ्या वळणावर समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला. ब्रेकचा! मी "हळू!" म्हणून ओरडलो आणि ब्रेक दाबला. म्हणजे जिथे माझ्या गाडीत ब्रेक असतो तिथे पाय आपटला. तिथे चटई होती. मी चटई दाबत राहिलो, दाबत राहिलो, आणि लेकीनं शांतपणे गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि म्हणाली, "काही नाही हो बाबा. क्लच गळतोय. म्हणून डबीतलं तेल खाली गेलंय."

"मग दिवा ब्रेकचा का लागला?"

"दोघांची डबी एकच आहे ना."

तेव्हा मला कळलं की त्या बशीत क्लच आणि ब्रेक दोघेही एकाच प्लॅस्टिकच्या डबीतून तेल पितात. क्लचला भोक पडलं तर घोट ब्रेकच्या वाट्याचा जातो. लेक मला समजावत होती की क्लचची नळी डबीच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे कितीही गळलं तरी तळाशी ब्रेकपुरतं तेल उरतंच.

"उरतंच म्हणजे? ब्रेकनं काय उरल्यासुरल्यावर दिवस काढायचे?"

"बाबा, कंपनीनं विचार करूनच बनवलंय."

"कंपनीची मुलगी बसते का ह्या गाडीत?"

परत येताना ती एवढंच म्हणाली, "यापुढे तुम्हाला शेजारी बसवायचं नाही. तुम्ही गाडीपेक्षा जास्त आवाज करता."

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर हात आपटून शब्द दिला. क्लचची डबी वेगळी झाल्याशिवाय ही गाडी शर्यतीला जाणार नाही. झाली तर मी एका अक्षरानं आडवा येणार नाही. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. लेकीनं मात्र लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मी खुशीत होतो. कारण टेबलावर हात आपटण्याआधी मी तीन दुकानांत विचारून आलो होतो. त्या गाडीसाठी तशी वेगळी डबी कुणी बनवतच नाही, असं तिघांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी लेक गॅरेजमध्ये आली आणि तिनं खिशातून डबी काढली.

मुठीत मावेल एवढी, पांढुरकी, वर काळं झाकण. "मोटरसायकलची आहे," ती म्हणाली. "भंगारात मिळाली. उकळत्या पाण्यानं धुतलीय, वाळवलीय, आतलं रबर नवीन घातलंय. क्लचची गळतीही कालच बंद केली. आता फक्त ही बसवायची, एअर काढायची, की झालं. संध्याकाळी क्लबचा माणूस गाडी तपासायला येतोय."

तिन्ही दुकानदार तोंडघशी पडले होते. तोंडानं मी म्हणालो, "छान."

आमचं गॅरेज म्हणजे घराची एक लांबट खोली. एका भिंतीला माझ्या शिकवण्याच्या सामानाची फळी, त्यावर उलटे ठेवलेले शंकू, जुन्या पाट्या, आणि कोपऱ्यात माझ्या पहिल्या शिकवणीच्या गाडीचं जे काही मी भंगारवाल्याच्या हातून वाचवलं ते. दुसऱ्या भिंतीशी बायकोचं शिलाई मशीन, कारण उजेड तिथेच चांगला. मध्ये बशी, चारही चाकं हवेत, लोखंडी घोड्यांवर चढवलेली. वर चढली तेव्हा कुठे ती बाकीच्या गाड्यांएवढी उंच दिसत होती.

मी गेलो तेव्हा लेक शेजारच्या सीटपुढची चटई उचलून तिथे ड्रिलनं काहीतरी खुडबुडत होती.

"डबी तिकडे कुठे बसवतेस?" मी म्हणालो. "बॉनेट पुढे असतं."

"ते वेगळं आहे. नंतर सांगते," म्हणून तिनं चटई खाली टाकली.

मग ती पुढे आली आणि कामाला लागली. मी स्टूल घेऊन बसलो आणि चुका शोधायला लागलो. मनापासून शोधत होतो. तिनं ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोन ठिकाणी वाकवून डबीसाठी खुर्ची केली होती. ती, पेडल ज्यातून तेल पुढे ढकलतं त्या मास्टर सिलिंडरच्या वर बसवली, म्हणजे तेल आपल्या वजनानं खाली उतरेल. मी म्हणालो, "हलेल." तिनं माझा हात धरून पट्टीवर ठेवला. मी सगळा जोर लावला. हलली नाही. तिनं जुन्या डबीतून क्लचकडे जाणारी नळी काढली, तिथल्या तोंडावर रबरी टोपी चढवली, त्यावर क्लिप आवळली. मी म्हणालो, "गळेल." तिनं त्याखाली कोरडा पांढरा कागद धरला आणि शिट्टी वाजवत उभी राहिली. कागद कोरडाच राहिला. मग तिनं नवी नळी नव्या डबीला जोडली आणि ताजं तेल ओतलं. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. जुन्या नळीतून निघालेलं तेल दौतीतल्या शाईसारखं होतं.

"बघितलंत? हे सगळं ब्रेकच्या डबीत मिसळत होतं. तुमचं बरोबर होतं बाबा," ती म्हणाली.

आता सांगा, अशा पोरीशी भांडायचं कसं? मला भांडायचं होतं आणि ती मला शाबासकी देत होती.

"आता एअर काढूया," ती म्हणाली. "तुम्ही आत बसा."

एअर काढायला दोन माणसं लागतात. नळी नवी घातली की तिच्यात हवा राहते, आणि हवा राहिली की पेडल दाबलं तरी क्लचला पत्ता लागत नाही. म्हणून एकानं आत बसून पेडल खाली दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली निजून एक छोटं निपल पान्यानं सैल करायचं, की हवा आणि तेल बाहेर येतं. निपल पुन्हा आवळेपर्यंत पेडल खालीच राहिलं पाहिजे. मग सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा निपलच्या आट्यांतून पुन्हा आत ओढली जाते, आणि सगळं मुसळ केरात. यात अक्कल लागत नाही, पाय लागतो.

"क्लच दाबायला मला शिकवतेस?" असं म्हणून मी बशीत पडलो. बसलो म्हणत नाही.

खालून लेकीचा आवाज आला. "दाबा!"

मी दाबलं.

"धरा!"

"धरलंय!"

खाली निपल उघडल्याचा फसफस आवाज. पेडल जमिनीला गेलं. निपल बंद झाल्याची करकर. "सोडा!"

"सोडलं!"

हे चाललं. दाबा, धरा, सोडा. आयुष्यभर मी लोकांना हे शब्द म्हणत आलो, आता माझ्याच गॅरेजात जमिनीखालून मला कुणी म्हणत होतं. ऐकायला विचित्र वाटत होतं. पण मी इमानानं दाबत होतो, इमानानं धरत होतो.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "अजून बुडबुडे येताहेत."

"येणारच. तुझी क्लिप सैल असेल."

ती बाहेर आली. क्लिप पाहिली. घट्ट होती. तरी काढून नवी घातली. पुन्हा खाली गेली. दाबा, धरा, सोडा. पुन्हा बुडबुडे.

"नळीला चीर असेल," मी आतून म्हणालो.

ती बाहेर आली. नळी काढली, पाण्यात बुडवून फुंकली. चीर नव्हती. पुन्हा घातली. पुन्हा खाली. तेल ओतून ओतून बाटली अर्ध्यावर आली. तिच्या कानापासून कोपरापर्यंत काळे ओघळ आले होते. दुपार कलली, चहा निवला, आणि क्लचचं पेडल एकदा खाली गेलं ते वर यायलाच तयार होईना. मी बोटानं उचलून वर आणलं. पुन्हा खाली जाऊन बसलं, रुसल्यासारखं.

खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं. आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम. मी आवाजात जमेल तेवढी माया आणून म्हणालो, "राहू दे बेटा. कंपनीनंच एक डबी दिली ती काही उगाच नाही. या गाडीला ते मानवतच नाही. पुढच्या वर्षी बघू."

गाडीखालून तिचा आवाज आला तो ओला होता. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मला पुढचं वर्ष नकोय हो बाबा. सगळं बरोबर केलंय मी. कुठे चुकतंय तेच कळत नाहीये."

मी बोलायला तोंड उघडलं, आणि शिलाई मशीन बंद झालं.

बायको सकाळपासून कुणाच्या तरी पॅन्ट्स आखूड करत बसली होती. ती उठली, गाडीच्या उघड्या दारापाशी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा करा बघू. एकदा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला गाडीतलं काही कळत नाही. मी उभा जन्म मशीनचं पेडल मारतेय, मला पाय कळतात. करा."

"दाबा!" खालून आवाज. मी दाबलं. "धरा!"

"धरलंय!" मी ठणकावून म्हणालो.

"कुठे धरलंय?" बायको म्हणाली. "खाली बघा, हळूसर."

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय पेडलच्या वर, चार बोटं अधांतरी, ऐटीत तरंगत होता. आणि निपल उघडं असल्यामुळे ते रुसलेलं पेडलही त्याच्यामागून आज्ञाधारकपणे वर येत होतं.

गाडीखालून फुर्रर्र करून हवा आत गेल्याचा आवाज आला.

काय सांगू! निपल उघडलं, की पेडल सर्रकन खाली जातं. आणि पेडल खाली गेलं की माझा पाय वर. तोंडानं 'धरलंय' म्हणतोय मी, आणि पाय आपला धंदा करतोय. सकाळपासून मीच त्या नळीत हवा भरत होतो. लेक काढत होती आणि मी भरत होतो.

लेक गाडीखालून सरपटत बाहेर आली. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता आपली काही धडगत नाही.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"आई शप्पथ नाही!" मी म्हणालो. "सवय आहे. पाय आपोआप उचलला जातो. तुझ्या आईला विचार."

"मला कशाला विचार?" बायको म्हणाली. "मुद्दाम नसेल. पण पाय मालकाच्या मर्जीतला दिसतोय. मालकाला हे काम व्हायला नकोय ना."

तळपायाची आग मस्तकात जायची ती गेलीच नाही, कारण तळपायच चोर निघाला होता. लेक चिंधीनं हात पुसत उभी होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नकोच आहे मला," मी म्हणालो. म्हणजे ते निघूनच गेलं तोंडातून. "मला भीती वाटते. तू त्या घाटात एकटी, आणि मी खाली उभा. माझ्या पायाखाली काहीच नाही. ना क्लच, ना ब्रेक. नुसती जमीन. बास. झालं समाधान?"

मग लेक पुन्हा खाली निजली. "आई," ती खालून म्हणाली, "ह्यांचा गुडघा धर."

बायकोनं स्टूल दाराशी ओढलं, दोन्ही हात माझ्या गुडघ्यावर टाकले आणि सगळा भार दिला. एवढं वजन माझ्या गुडघ्यावर लग्नानंतर प्रथमच आलं होतं. "दाबा!" मी दाबलं. "धरा!" मी नाही धरलं, बायकोनं धरलं. पाय उचलायची तीच ती उबळ आली, गुडघा थरथरला, आणि बायको म्हणाली, "अंहं." पाय खालीच राहिला. "सोडा!" बायकोनं हात काढले.

थोड्याच वेळात खालून ओरडा आला. "स्वच्छ! एक बुडबुडा नाही! मधासारखं तेल येतंय, आई!" आणि पेडल माझ्या पायाखाली भरलं. भरीव, नेमकं, जिथे सोडावं तिथून बरोबर वर येणारं. आयुष्यात इतकी पेडलं दाबलीत मी, असं गोड पेडल क्वचित.

संध्याकाळी क्लबचा तपासनीस आला. आम्ही त्याला घरात कठडा म्हणतो. एके काळी तो माझ्याकडे शिकायला होता आणि गाडी मागे घेताना त्यानं ती दोनदा पुलाच्या कठड्यावर घातली होती. आता पोट सुटलंय, हातात टॉर्च असते, लोक त्याला साहेब म्हणतात, पण मला बघितलं की पठ्ठ्या अजून पाठ ताठ करतो.

त्यानं सगळी गाडी तपासली. चाकं, पट्टे, दिवे. शेजारच्या सीटपुढची चटई उचलून आत टॉर्च मारली आणि गालातल्या गालात हसला. मग बॉनेटमध्ये डोकं घालून नव्या डबीकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे कंपनीचं नाही," तो म्हणाला.

"नाही," लेक म्हणाली.

"काम सुबक आहे. पण ब्रेकच्या डबीला हात लावलाय, म्हणजे..." तो घुटमळला. मग माझ्याकडे वळला. "सर, तुम्हीच बसून सांगा. तुमचा पाय म्हणजे आमच्यासाठी काट्याचं माप. तुम्ही ठीक म्हणालात तर मी काचेवर हिरवं स्टिकर लावतो. नाही म्हणालात तर विषय संपला."

घ्या! सकाळपासून जे मला हवं होतं ते कठड्यानं ताटात वाढून समोर ठेवलं. एक 'नाही' म्हणायचं. कारणही द्यायची गरज नाही. मी बशीत पडलो, ब्रेकवर पाय ठेवला, दाबला. दगडासारखा घट्ट. जोर देऊन धरला. एक तसूही खाली गेला नाही. क्लच दाबला, सोडला. लोण्यासारखा. काचेतून मला लेक दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. काळवंडलेल्या बोटानं डबीच्या झाकणावरचा नसलेला डाग पुसत होती. मागे शिलाई मशीन केव्हाचं थांबलेलं होतं.

'नाही' माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण पेडल बरोबर असताना चूक सांगायचं, तर उद्यापासून शिकणाऱ्याच्या शेजारी कुठल्या तोंडानं बसू?

"एक नंबर आहे," मी म्हणालो. "लाव स्टिकर."

लेकीनं नाक ओढलं. बायकोनं मशीन सुरू केलं. कठडा स्टिकर लावून, "येतो सर," म्हणून गेला, आणि जाताना त्यानं गाडी मागे घेताना आमच्या कुंडीला धक्का दिला. काही सवयी जात नाहीत.

रविवारी आम्ही तिघं घाटाच्या पायथ्याशी गेलो. मी ठरवलं होतं की डोळे मिटून उभं राहायचं आणि वरून ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत उघडायचे नाहीत. लेकीची पाळी जवळ आली. तिनं हेल्मेट चढवलं, बशीचं दुसरं दार उघडलं आणि दुसरं हेल्मेट माझ्यासमोर धरलं.

"बसताय?"

"मी? मला तर शेजारी बसवायचं नाही असं ठरलं होतं."

"नियमात शेजारी माणूस चालतो. बसताय की नाही?"

बायकोनं मागून मला ढकललं. हेल्मेट कानात अडकलं, सीटमध्ये मी पडलो, पट्टे आवळले गेले, आणि सवयीनं माझा उजवा पाय पुढे गेला. पायाला काहीतरी लागलं.

मी खाली पाहिलं. चटईला कापून नीट खिडकी केली होती आणि तिच्यातून एक ब्रेकचं पेडल वर आलेलं होतं. मी ते हजार पेडलांतून ओळखलं असतं. डाव्या कोपऱ्याला रबर झिजून लोखंड दिसत होतं, कारण तिथे माझा अंगठा असायचा. माझ्या पहिल्या गाडीचं. फळीवरच्या कोपऱ्यातलं.

"हे कशाला जोडलंय?" मी विचारलं. माझा आवाज हेल्मेटमध्ये घुमला.

"कशालाच नाही," लेक म्हणाली. "खाली स्प्रिंग आहे नुसती. तुम्हाला दाबायला. दाबा खुशाल."

मी वाकून पाहिलं. खरंच, तार नाही, दांडा नाही, काही नाही. मला बोलायचं होतं, पण पुढच्या माणसानं झेंडा खाली केला आणि बशी सुटली.

पहिलं वळण अंगावर आलं. मी "हळू!" म्हणून ओरडलो आणि पेडल दाबलं, आणि गाडी हळू झाली. मी चपापलो. पुन्हा खाली वाकून पाहिलं. काही जोडलेलं नव्हतं. दुसरं वळण. मी जिथे दाबायचो, बरोबर तिथेच दाबलं, ना हात आधी ना हात नंतर, आणि बशीनं तिथेच नाक खाली घातलं. तिसऱ्या वळणाला, जिथे तो लाल दिवा लागला होता, मी दाबलं, धरलं, मग जिथे सोडायचं तिथे सोडलं, आणि त्याच जागेवरून ती सुसाट वर निघाली. मी लेकीच्या पायाकडे पाहिलं. मीच शिकवलेला पाय होता तो. माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी बसून शिकलेला.

चौथं वळण मोठं होतं, एका बाजूला नुसती दरी. मला ओरडायचं होतं. मी ओरडलो नाही. मी तिच्या पायाकडे बघत राहिलो. तिचं पेडल वेळेवर खाली गेलं, आणि मी माझा पाय उचलून घेतला.